आमच्याकडची बाई

दोन्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं सांभाळली. कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत, कुणाचा नवरा कोणत्या नावाने कामाला जातो, हे सगळं तिला ठाऊक असायचं आणि त्यातलं एक अक्षरही तिच्या तोंडून भलत्या ठिकाणी गेलं नाही. तिची मुलं-नातवंडं अजून शिकागोतच आहेत. तेव्हा गल्ली तिला जे म्हणायची तेच मीही म्हणते : दोन्या. स्पॅनिशमध्ये वडीलधाऱ्या स्त्रीला मानाने असं म्हणतात. आपल्याकडे शाळेतल्या ‘बाई’ असतात किंवा अहिल्याबाईंमधला ‘बाई’ असतो, साधारण तसं. या ‘बाई’ शब्दाकडे मला यायचंच आहे. खरं तर त्याच्याचसाठी लिहायला बसले आहे.

मी शिकागोला उतरले ती १९९५च्या जानेवारीत. नवरा तिथल्या इलिनॉय विद्यापीठात पीएच.डी. करत होता. त्याच्या विद्यावेतनात बसेल असं घर त्याने शोधून ठेवलं होतं ते लिटल व्हिलेजमध्ये, कारण ६० नंबरची बस तिथून थेट विद्यापीठाकडे जायची आणि भाडं कमी होतं. भारतीय विद्यार्थी त्या भागात राहत नसत. ‘तिकडे कशाला मरायला?’ असं त्याला चारचौघांनी विचारून झालं होतं.

तिथले लोक त्या वस्तीला ला वियीता म्हणतात. पूर्वी ती चेक आणि पोलिश लोकांची होती. विटांची दुमजली घरं त्यांच्या काळातली. एक बिऱ्हाड खाली, एक वर, म्हणून ‘टू-फ्लॅट’. मग मेक्सिकन येत गेले आणि २६व्या रस्त्यावरच्या पाट्या एकेक करून स्पॅनिश झाल्या. त्या रस्त्यावरच्या कमानीच्या एका अंगाला काउंटीचा अवाढव्य तुरुंग, दुसऱ्या अंगाला मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या घेरदार झग्यांची दुकानं. पहिल्याच आठवड्यात मी एका किराणा दुकानात शिरले, तर फळीवर शंकूच्या आकाराच्या तपकिरी ढेपा. एक विकत घेऊन दारातच नखाने खरवडून चाटली. गूळ! त्याला ते पिलोन्सीयो म्हणतात. चिंच होती, कोथिंबिरीच्या जुड्या होत्या, पेरू होते, वाळक्या मिरच्यांची पोती होती. डेव्हॉन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जायचं तर बस बदलत अर्धा दिवस जायचा. मी गुळाची ढेप पर्समध्ये टाकून घरी आले आणि त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

दोन्या खालच्या मजल्यावर राहायची आणि घर तिचंच होतं. पहिल्या तारखेला भाडं घ्यायला वर आली. माझं स्पॅनिश शून्य, तिचं इंग्रजी कामापुरतं, आणि माझं वर्ध्याचं इंग्रजी तिच्या कानावरून जाई. शेवटी तिने तळहातावर बोटं आपटली आणि म्हणाली, “पगार!” मी दचकले. आपला पगार पोर्तुगिजांकडून आलाय, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पैसे चुकते करणं, आणि स्पॅनिशमध्ये अर्थही तोच नि उच्चारही तोच, हे मला नवऱ्याने नंतर सांगितलं. त्या वेळी मी नुसतं “पगार? पगार!” करत पैसे मोजले, ती “पगार, सी, पगार!” करत हसली आणि कार्बन घालून पावती फाडून दिली. आमच्या दोघींच्या भाषांमधला हा पहिला सामाईक शब्द. हे लक्षात ठेवा.

जुलैत मला पाचवा महिना सरत आला होता. १३ तारखेला पारा १०६ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे आपल्या ४१ अंशांवर. मी वर्ध्याची. मे महिन्यात ४६ अंशांत खिशात कांदा ठेवून बाजाराला जाणाऱ्यांच्या गावची. मला त्या ४१चं काय कौतुक! दारं-खिडक्या लावल्या, पडदे ओढले आणि पडून राहिले. पण वर्ध्याच्या आमच्या घराला जाड भिंती, वर कवेलू, आणि रात्री अंगणात खाट टाकायची सोय. इथे डोक्यावर डांबराचं सपाट छप्पर, चारी बाजूंनी तापलेल्या विटा, आणि हवेत मुंबईचा ओलावा. रात्र झाली तरी काही उतरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थापा पडल्या तेव्हा मी फरशीवर आडवी होते आणि उठून कडी काढायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही. दोन्याने माझ्या दंडाला धरून, पोटाखाली एक हात लावून, जिन्यावरून एकेक पायरी उतरवलं. खाली ओसरीत बसवलं, पाय बर्फाच्या बादलीत घातले आणि मीठ-लिंबाचं पाणी पाजलं. समोर पोरांनी रस्त्यावरचा आगीचा नळ उघडला होता आणि अख्खी गल्ली त्यात भिजत होती. मी सावरलेय असं दिसल्यावर तिने एप्रनच्या खिशातून एक चिटोरं काढलं, त्यावर एक खूण केली आणि निघाली. त्या चिटोऱ्यावर मागच्या गल्लीतली एकटी चेक म्हातारी होती, कोपऱ्यावरचा पोलिश म्हातारा होता, एक मधुमेही न्हावी होता, आणि मी होते.

त्या आठवड्यात शिकागोत सातशेहून जास्त माणसं उष्म्याने मेली. शवागारात जागा पुरेना म्हणून थंडपेटीचे ट्रक आणून उभे करावे लागले. एरिक क्लाइननबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने पुढे त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना आहे. नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू, तर त्याला लागून असलेल्या आमच्या भागात ४. गरीब म्हातारी एकटी माणसं दोन्हीकडे होती. पण आमच्याकडे दुकानं उघडी होती, फुटपाथवर गर्दी होती, म्हातारी माणसं न घाबरता दाराबाहेर पडत होती, असं तो म्हणतो. बरोबरच असेल. मी ते पुस्तक वाचलं तेव्हा मला मात्र ते चिटोरं दिसत होतं, पेन्सिलने खुणा केलेलं.

नोव्हेंबरात मुलगी झाली. आई येणार होती. तिकिटाचे पैसेही भावाने जमवले होते. व्हिसाच्या खिडकीवर तिला दोन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट परत सरकवला. आईने फोनवर रडू दाबून एवढंच विचारलं, “शेक कोण देईल वं तुला?” फोनला मिनिटामिनिटाचे पैसे पडत, म्हणून मी “देईल कोणीतरी” म्हणून ठेवून दिला.

दवाखान्यातून घरी आले त्या संध्याकाळी दोन्या वर आली ती भलंमोठं पातेलं आणि एक लांब पट्टा घेऊन. पट्ट्याला म्हणायचं फाखा. तो पोटाला कसा बांधायचा ते तिने मला उभं करून दाखवलं : श्वास सोड, खालून वर, आणि प्रत्येक वेढ्याला तळहाताने चेपायचं. मी अवाक्. आमच्याकडे जुनं सुती लुगडं फाडून अगदी असंच बांधतात. मग डोक्याला रुमाल, कान झाकलेले. गार पाण्याला हात लावायचा नाही, खिडकी उघडायची नाही, चाळीस दिवस. त्यांच्यात त्याला कुआरेन्तेना म्हणतात, आपल्यात सव्वा महिना. पातेल्यात आतोले होतं. मक्याचं पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं, दालचिनीची काडी घालायची, पिलोन्सीयो घालायचा, आणि चमच्यावरून दाट धार पडेल इतपत आणायचं. मी पहिला घोट घेतला आणि रडू फुटलं. ही तर गूळ घातलेली आंबील! ती घाबरली, भाजलं की काय म्हणून.

शेकाचं मी तिला खुणांनी सांगितलं. शेगडी कुठून आणणार? तिने तवा तापवला, त्यावर कपड्याची घडी गरम केली आणि शेकत बसली. रोज रात्री, कामावरून आल्यावर. एक कबुली इथेच देऊन टाकते. तिच्या पातेल्यांत कोंबडीचं सूपही असायचं. अंडंही न शिवणाऱ्या घरातली मी, तीन दिवस नाही म्हटलं आणि चौथ्या दिवशी प्यायले. नंतर रोज प्यायले. आईला मी हे तिच्या शेवटपर्यंत सांगितलं नाही. आईने समुद्रमार्गे पाठवलेले डिंकाचे लाडू मार्चमध्ये पोचले, तोवर मी केव्हाच उभी राहिले होते.

सगळ्याच बाबतींत आमचं जुळलं असं नाही. बाळ एके रात्री थांबेचना, तेव्हा तिने दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि कच्चं अंडं बाळाच्या अंगावरून फिरवायला लागली. मी बाळ ओढून घेतलं. मग स्वतःच आत जाऊन मीठ-मोहरी घेऊन आले. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. अंडंही फिरलं, मीठ-मोहरीही फिरली, आणि पोरगी दोघींना कंटाळून झोपली. त्या रात्रीपासून ती मला कोमाद्रे म्हणू लागली.

या शब्दाला मराठीत जोड नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याला जी धर्माची आई होते, ती आणि खरी आई, या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे. म्हणजे पोरामुळे दोन बायकांमध्ये जन्मभराचं नातं लागतं. आपल्याकडे मुलांमुळे जुळणारं नातं म्हणजे विहीण, पण विहिणींमध्ये मानपानच जास्त. आमच्या मुलीचा बाप्तिस्मा होणार नव्हता हे तिला ठाऊक होतं. “पाणी पाद्रीने घातलं काय आणि मी घातलं काय,” असं ती म्हणाली. पहिली आंघोळ तिनेच घातली होती.

त्या चाळीस दिवसांत ती माझ्याजवळ बसायची तेव्हा तिच्या मांडीवर एक डबा असायचा. निळा, गोल, डॅनिश बिस्किटांचा. हा डबा आपल्याकडेही परदेशवारी झालेल्या घरांत असतो आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात, सुया-दोरे असतात. दोन्याच्या डब्यात कागद होते. भाड्याच्या पावत्या, विजेची बिलं, मुलांची लसीकरणाची कार्डं, पोस्टाचा शिक्का दिसेल अशी बेतून कापलेली पाकिटं. वर्षवार गठ्ठे, प्रत्येकाला केसांचं रबर. तिची सगळी कहाणी त्या डब्यातूनच मला कळली, तुकड्या-तुकड्याने.

१९७४ साली ती मिचोआकानच्या एका खेड्यातून भावाच्या मागे आली. एकोणीस वर्षांची, पाचवी शिकलेली. गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात पट्ट्यावर उभी राहून डबे भरायची. इमिग्रेशनवाले, म्हणजे ‘ला मीग्रा’, आले की साखरेच्या पोत्यांमागे. अशी बारा वर्षं. नोव्हेंबर १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एका कायद्यावर सही केली. १ जानेवारी १९८२च्या आधीपासून जे इथे सलग राहत आहेत त्यांना कागद मिळतील. अर्जाला मुदत एक वर्ष, मे १९८७पासून. पण राहत आहात हे सिद्ध करा. आता, ज्या माणसाने बारा वर्षं आपण इथे नाहीच असं दाखवण्यात घालवली, त्याने आपण इथे होतो याचा पुरावा कुठून आणायचा?

त्यातही तिला एकाने बुडवलं. मेक्सिकोत नोतारियो म्हणजे मोठा कायदेपंडित, सरकारने नेमलेला. अमेरिकेत नोटरी म्हणजे शिक्का मारणारा कुणीही. नावाच्या या सारखेपणावर कितीतरी जणांनी दुकानं थाटली होती. अशाच एकाने तिच्याकडून चारशे डॉलर घेतले आणि अर्ज पाठवलाच नाही. मुदत संपायला सहा आठवडे उरले असताना तिला ते कळलं. मग ती चर्चच्या तळघरात गेली, जिथे अर्ज भरून देत होते, आणि डबा टेबलावर उपडा केला. मुलाला गोवर झाला तेव्हाची दवाखान्याची चिठ्ठीसुद्धा तिने टाकली नव्हती. अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तळघरात गेली, शेजारणीला घेऊन. तिसऱ्या दिवशी आणखी दोघींना. त्या कायद्याने देशभरात सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले. त्यातले किती तिच्या हाताखालून गेले कुणी मोजलं नाही, तिने तर नाहीच. पण तेव्हापासून तिच्या घराचं मागचं दार कधी बंद झालं नाही.

मी तिथे होते त्या चार वर्षांत तिच्या स्वयंपाकघरात काय काय पाहिलं! पुढे एका दवाखान्याने तिला प्रोमोतोरा म्हणून शिकवून तयार केलं. प्रोमोतोरा म्हणजे गल्लीतलीच बाई, जी घरोघर जाऊन साखर, रक्तदाब, गरोदरपण बघते, डॉक्टरांचं बोलणं घरच्या भाषेत सांगते. तिच्या पिशवीत रक्तदाबाचं यंत्र आणि केळी एकत्र असत. जवळच कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं आणि कुठल्या पोराला दम्याचा पंप लागतो हे तिला पाठ होतं. १९९६च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा आला. नागरिक नसलेल्या म्हाताऱ्यांची सरकारी मदत बंद होणार, अशी धास्ती पसरली. झालं, तिच्या ओट्याभोवती नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग भरू लागला. शंभर प्रश्न. उच्चार सुधारायला मी. “झेंड्यावर पट्टे किती?” मी विचारायची. सत्तरीचे आजोबा तव्यावरच्या तोर्तियाकडे बघत म्हणायचे, “तेरा.” “का तेरा?” “कारण वसाहती तेरा.” चुकलं की दोन्या तोर्तिया उलटायची पण द्यायची नाही. कैक वर्षांनी मी स्वतः त्या परीक्षेला बसले तेव्हा अधिकाऱ्यासमोर उत्तरं देताना मला भाजत्या मक्याचा वास येत होता.

त्या मक्यावरूनच एकदा मी तिला आमच्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांची गोष्ट सांगितली. गदर पक्षातले क्रांतिकारक, परागंदा होऊन मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. तिने ऐकून घेतलं, कणसाचे दाणे सोलत. मग म्हणाली, “मका आमचा, माणूस तुमचा. फिटंफाट.” हिशेबाची ती अशी पक्की.

आणि आता तो वाढदिवस.

मुलीचा पहिला. नोव्हेंबर १९९६. नवऱ्याच्या ओळखीची, मंडळातली आठ-दहा मराठी कुटुंबं उपनगरांतून आली होती. आल्या आल्या पुरुषांनी खिडकीतून गाड्या जागेवर आहेत ना ते पाहिलं. बायका साडी सावरत आमच्या उतरत्या जमिनीवरून जपून चालत होत्या. मला त्या घराची लाज वाटत होती हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. दोन्या सकाळपासून वर होती. तिने त्रेस लेचेस केक केला होता, पोरांसाठी पिन्याता टांगला होता, आणि कोमाद्रेच्या घरचं कार्य म्हटल्यावर कुणी न सांगता एप्रन बांधून भांड्यांना उभी राहिली होती.

एक वहिनी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. चांगल्या होत्या, पुढेही माझ्याशी नेहमी चांगल्याच वागल्या. दोन्याच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, “बाई छान मिळाली हो तुम्हाला. किती पगार देता?”

ज्या घरात आपण उभ्या आहोत त्याची ही मालकीण आहे, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ही माझी कोमाद्रे, याला दोन वाक्यं लागली असती. मी म्हणाले, “हो, आमच्याकडची बाई आहे. फार नाही घेत.”

नळ चालू होता. बशी विसळणारे हात थांबले. पगार. तिने मान वळवली नाही, नुसती खांद्यांची हालचाल थांबली, आणि बशीच्या कडेवरून पाणी वाहत राहिलं. मग बशी जाळीत ठेवल्याचा आवाज आला, आणि पुढची उचलल्याचा.

सगळे गेल्यावर ती एप्रन सोडताना म्हणाली, “कोमाद्रे, बाई म्हणजे काय?” पगाराबद्दल तिने विचारलं नाही. मी म्हणाले, दोन्यासारखंच. आमच्याकडे मानाने म्हणतात. राण्यांच्या, शिक्षिकांच्या नावापुढे लावतात. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. मराठीतला हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो देवघरातही चालतो आणि मोरीतही, आणि मी तो कुठे उभं राहून उच्चारला होता हे मला आणि बहुधा तिलाही माहीत होतं. तिने तो दोनदा म्हणून पाहिला. “बाई. बाई. बोनीतो.” छान आहे.

तेव्हापासून ती माझ्याशी फोनवर बोलायला लागली की पहिलं वाक्य ठरलेलं : “कोमाद्रे, सोय ला बाई.” मी बाई बोलतेय. चोवीस वर्षं. ती थट्टा करत होती, की शब्द तिला खरंच आवडला होता, की मला रोज थोडं थोडं टोचत होती, हे मी तिच्या आवाजावरून ओळखायचा प्रयत्न केला. आवाज नेहमी सारखाच असायचा.

पुढच्या उन्हाळ्यात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. तिकीट बाराशे डॉलरचं. आमच्याकडे दोनशेही नव्हते. गल्लीतल्या बारा बायकांची तांदा होती, म्हणजे आपली भिशीच : दर महिन्याला शंभर-शंभर, एकीला बाराशे. माझा नंबर अकरावा होता. त्या महिन्याचा नंबर दोन्याचा होता. तळघरातली भट्टी बदलायची म्हणून तिने तो मागून घेतला होता. तिने पाकीट आणून माझ्या ओट्यावर ठेवलं. कधी परत येशील, येशील का, असं काही विचारलं नाही. परदेशात ज्या माणसाकडे कागद कच्चे असतात, तो गेला की परत येईलच असं नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी वडिलांना हयात गाठलं. परत आले, सगळे हप्ते भरले. पैशांचं तेवढं फिटलं.

१९९९मध्ये आम्ही नेपरव्हिल या उपनगरात घर घेतलं. मग जे होतं तेच झालं. आधी महिन्यातून एकदा, मग दिवाळीला नि नाताळला, मग फोन. २००१च्या मे महिन्यात मदर्स डेच्या दिवशी लिटल व्हिलेजमधल्या आया-आज्यांनी उपोषण सुरू केलं. वस्तीला हायस्कूल कबूल झालं होतं, आणि मग पैसे नाहीत असं सांगण्यात आलं. मोकळ्या मैदानात तंबू ठोकून ते लोक एकोणीस दिवस बसले. दोन्याला मधुमेह, म्हणून तिला बसू दिलं नाही. ती रोज पहाटे आणि रात्री सगळ्यांचा रक्तदाब मोजायची. मी मुलीला घेऊन एकदा गेले. दोन्याने मला मिठी मारली आणि लगेच हातात पाण्याचे कॅन दिले. २००५ साली ती शाळा सुरू झाली.

ती संत नव्हती. हट्टी होती, हलक्या कानाची होती, आणि जिच्यावर रागावली तिला वर्षवर्ष ओळख दाखवत नसे. तिच्या धाकट्या मुलीने मला एकदा गाडीतून सोडताना सांगितलं, “आम्हाला आईशी बोलायचं असलं की दवाखान्यासारखा नंबर लावावा लागायचा. तुम्ही लोक मागच्या दाराने आत असायचा.” तुम्ही लोक. मी खिडकीबाहेर बघत बसले.

२०२०च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या दिवशी, बंद पडलेल्या त्या वीजकेंद्राची चिमणी सुरुंग लावून पाडली आणि ऐन साथीत अख्खी वस्ती धुळीने झाकली गेली. दोन्याने मला फोन केला, “सोय ला बाई”, आणि अर्धा तास त्या धुळीवर शिव्या घातल्या. तो आमचा शेवटचा लांबलचक फोन. मे महिन्यात ती करोनाने गेली. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. मी नेपरव्हिलच्या स्वयंपाकघरात फोनच्या पडद्यावर ते पाहिलं. कुणाचा तरी हात हलत होता, त्यामुळे मला बराच वेळ नुसतं चर्चचं छत दिसलं.

पुढच्या वर्षी धाकटीने बोलावलं. घर आवरत होते. फडताळात निळे डबे रांगेने होते, एकोणीस. एकेका बिऱ्हाडाचा एकेक, भाडेकरूंचेही. प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव. आमचा तिसरा. तिने तो माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली.

आत भाड्याच्या कार्बन पावत्या होत्या, फेब्रुवारी १९९५पासून एकही महिना न चुकता. विजेची बिलं होती. बाळाच्या लसींचं पहिलं कार्ड, जे मी हरवलं म्हणून दोनदा नवीन करून घेतलं होतं. आईच्या पत्राचं एक रिकामं पाकीट, वर्ध्याचा शिक्का दिसेल असं कापलेलं. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी, तिच्या पाचवीतल्या गोल अक्षरात : पारा मी कोमाद्रे. खाली सही. सहीच्या जागी तिचं नाव नव्हतं. ‘ला बाई’ असं लिहिलं होतं.